खुर्चीतले पंच

सांगलीत माझं सलून आहे. तीन खुर्च्या, समोर लांबलचक आरसा आणि मागच्या भिंतीवर टीव्ही. टीव्हीवर बातम्या किंवा खेळ, तिसरं काही चालत नाही. गाणी लावली तर म्हातारी गिऱ्हाइकं कुरकुरतात, मालिका लावली तर तरुण. खेळाला मात्र कुणाची हरकत नसते, कारण खेळावर प्रत्येकाला काहीतरी बोलायचं असतं. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल आणि त्याच पोत्यांचा सौदा करणारा अडत्या एरवी एकमेकांशी दोन वाक्यं बोलणार नाहीत. माझ्या बाकड्यावर शेजारी बसले, की कोहलीने काय करायला पाहिजे होतं यावर दोघं पोटतिडकीने भांडतात.

मी स्वतः काही जाणकार नाही. लहानपणी गल्लीत टेनिस बॉलने खेळलो, तेवढीच माझी कारकीर्द. सामना आहे म्हणून दुकान बंद ठेवलं, असंही कधी झालं नाही. आणि मी सामने बघतो ते बहुतेक आरशात. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हात चालू असतात, टीव्ही पाठीमागे, त्यामुळे मला सगळं उलटं दिसतं. रोहित शर्मा माझ्या आरशात डावखुरा असतो, आणि आमच्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना उजव्या हाताने खेळते. अशा माणसाच्या मताला किती किंमत द्यायची, ते वाचकांनी ठरवावं. पण इतकी वर्षं इतक्या लोकांची मतं ऐकल्यावर कुठलं मत रास्त आणि कुठलं आगाऊ, याची थोडी पारख आली आहे. तीच इथे मांडतो.

दुकानात माझा एक नियम आहे. वस्तरा गळ्यावर असताना वाद नाही. बोलताना हनुवटी हलते, गळ्याची गाठ खालीवर होते, आणि तावातावाने बोलणारा माणूस तर मान झटकन वळवतो. म्हणून एखाद्या पायचीतवरून दुकान कितीही पेटलं, तरी खुर्चीतल्याने ब्लेड उचलेपर्यंत गप्प राहायचं. यातून एक गंमत ध्यानात आली. पंचाला शिवी घालायला तोंड उघडलेला माणूस अर्धा मिनिट थांबला, की बहुतेकदा शिवी घालतच नाही. 'पंचाचं जरा चुकलंच बरं का,' एवढंच म्हणतो. बाकड्यावरच्यांना ही सक्ती नसते, आणि सगळा कडवटपणा तिकडूनच येतो.

खेळाडूंचं वागणं आमच्या धंद्यात शिरतं ते आधी केसांतून. धोनी भारतीय संघात नवा होता तेव्हा त्याचे केस मानेवर रुळायचे. २००६ च्या पाकिस्तान दौऱ्यात तिथले तेव्हाचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी बक्षीस समारंभात त्या केसांचं कौतुक केलं आणि कापू नकोस असा सल्ला दिला. कापू नकोस, हे कुठल्याही सलूनवाल्याला मानवणारं वाक्य नाही. गल्लीतल्या पोरांनी केस वाढवले आणि आमचा गल्ला आटला. पुढे २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी धोनी टक्कल करून लोकांसमोर आला. मग झिरो मशीनला उसंत नव्हती. आता पोरं मोबाइलवर फोटो घेऊन येतात. बाजूने असं, वर तसं, दाढीला अशी रेघ. सोबत आलेला बाप बाकड्यावरून बडबडतो, 'असली थेरं करून खेळ येतो व्हय?'

थेरं करून खेळ येत नाही हे खरं, पण थेरं केल्याने खेळ जातो असंही नाही. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझीलच्या रोनाल्डोने सगळं डोकं भादरून पुढे कपाळावर तेवढा केसांचा त्रिकोण ठेवला होता. जगभर लोक हसले. नंतर त्याने कारण सांगितलं. जो तो त्याच्या दुखऱ्या पायाबद्दल बोलत होता, लोकांचं बोलणं दुसरीकडे वळावं म्हणून त्याने ते केलं. त्याने उपांत्य सामन्यात तुर्कस्तानविरुद्धचा एकमेव गोल केला आणि अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्धचे दोन्ही. केसांवरून माणूस ओळखता येत नाही, हे मी माझ्या पोटापाण्याच्या अनुभवावरून सांगतो. माझ्याकडे अत्यंत सभ्य भांग पाडून घेणारे दोघेतिघे उधारी बुडवून गेले आहेत.

मग माणूस जोखायचा कशावरून? कोहलीचंच घ्या. २०१२ च्या जानेवारीत सिडनीला प्रेक्षक चिडवत होते म्हणून त्याने त्यांना मधलं बोट दाखवलं. सामन्याच्या मानधनातली निम्मी रक्कम दंडात गेली. हाच कोहली २०१९ च्या विश्वचषकात ओव्हल मैदानावर फलंदाजी करत होता. चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणातली बंदी संपवून परतलेल्या स्टीव्ह स्मिथची आपले प्रेक्षक हुर्यो उडवत होते. कोहलीने प्रेक्षकांकडे वळून हातवारे केले, टाळ्या वाजवा म्हणाला. त्याबद्दल आयसीसीने त्याचा खिलाडूवृत्तीसाठी गौरवही केला. आणि हाच कोहली २६ डिसेंबर २०२४ ला मेलबर्नला सॅम कॉन्स्टास या १९ वर्षांच्या पोराच्या खांद्याला खांदा घासून गेला. कॉन्स्टासचा तो पहिलाच कसोटी सामना. कोहलीला मानधनाच्या २० टक्के दंड झाला.

त्या दिवशी दुकानात दोन तट पडले. कॉलेजची पोरं म्हणाली, हाच तर जोश, याच्यावरच तो धावा काढतो. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर येतात, ते म्हणाले, 'पोरगा एका पेपरात नापास झाला म्हणून ढ ठरत नाही, आणि एकात पहिला आला म्हणून हुशारही नाही. सगळे पेपर बघायचे.' मला मास्तरांचं पटलं, पण पुरतं नाही. सगळ्या पेपरांची बेरीज केली, की सिडनीचं वजा ओव्हलच्या अधिकमध्ये जिरून जातं आणि हाती काहीच उरत नाही. मी वेगळं बघतो. राग कुणावर काढला? सिडनीला समोर हजारोंचा जमाव होता आणि कोहली तेव्हा संघात नवखा. मेलबर्नला समोर पहिला सामना खेळणारं पोर होतं आणि कोहलीच्या नावावर शंभराहून जास्त कसोट्या. बोट दाखवणं दिसायला जास्त वाईट आहे, दंडही त्याला जास्त झाला. माझ्या मते खांदा मारणं जास्त वाईट.

आमच्या भागात क्रिकेटपेक्षा जुनं वेड कुस्तीचं. हिंदकेसरी मारुती माने आमच्याच जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे. माझ्याकडे एक पैलवान नेमाने येतो. आता तो दूध घालतो, कुस्ती सुटली, पण कान राहिलेत. रगडून रगडून त्यांच्या गाठी झाल्या आहेत. त्या कानांभोवती मशीन चालत नाही. कान दुमडत नाही, त्यामुळे मागची रेघ कात्रीने हळूहळू काढावी लागते. त्यामुळे त्याच्याशी बोलायला मला वेळ मिळतो.

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत जे झालं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं राक्षेचं म्हणणं. वाद वाढला आणि राक्षेने पंचाची गचांडी धरून त्याला लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून लढत अर्धवट सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली, आणि राक्षे-गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची घोषणा झाली. राक्षे काही नवखा नव्हता, २०२३ च्या जानेवारीत पुण्यात त्याने हीच गदा उचलली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात एकच विषय. प्रत्येकजण मोबाइलवर तोच तुकडा थांबवून थांबवून बघत होता. खांदा टेकला, नाही टेकला. मी पैलवानाला विचारलं. तो म्हणाला, 'खांदा टेकला का नाही, ते मला मोबाइलवर नाही सांगता यायचं. पाय उचलला ते दिसलं. वर्षभर मातीत राबायचं आणि एका शिट्टीवर सगळं जायचं, हे काय असतं ते मला विचारा. पण आम्ही पंचाच्या पाया पडून आखाड्यात उतरतो. ज्याच्या पाया पडायचं, त्याला लाथ कशी मारायची?' यापुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. निकाल चुकीचा असू शकतो आणि तरी लाथ मारणारा चुकलेलाच असतो. पहिल्या गोष्टीने दुसरी माफ होत नाही. आपल्याकडे बाकड्यावर बसलेल्यांना हे एकदम पटत नाही. ते आधी खांद्याचा निकाल लावतात आणि त्यावरून लाथेचा.

याच मातीतली जुनी गोष्ट आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले. तिथे एक दमवणारी लढत झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच लढले आणि हरले. कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट सांगून कुणी म्हणतं, बघा, जुने लोक कसे मुकाट्याने सोसायचे. मला त्यातलं सोसणं आदर्श वाटत नाही. खाशाबांवर अन्याय झाला, आणि तो सांगण्याचं काम त्यांचं नव्हतं, गैरहजर असलेल्या अधिकाऱ्यांचं होतं. मल्लाच्या बाजूने नियम हातात घेऊन उभा राहणारा माणूस असला, तर मल्लाला हातपाय वापरायची पाळी येत नाही. वर्तणुकीबद्दल बोलताना आपण अंगावर जर्सी असलेल्यालाच धरतो. कोट घातलेला सुटतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये तर बाकड्याने कहर केला. ६ तारखेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटने जपानच्या युई सुसाकीला हरवलं. सुसाकी टोकियोची सुवर्णविजेती, आणि तोवर आंतरराष्ट्रीय कुस्ती हरलेली नव्हती. त्याच दिवशी आणखी दोन कुस्त्या जिंकून विनेश अंतिम फेरीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोच्या वजनगटात तिचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं. नियमाप्रमाणे आदल्या दिवशीचं सगळंच गेलं आणि तिचा क्रमांक शेवटचा लागला. क्रीडा लवादाकडे दाद मागितली, तीही १४ ऑगस्टला फेटाळली गेली. रात्रभर तिने घाम गाळला होता. कपडे आखूड केले होते, केसही कापले होते.

केस कापले म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एकजण म्हणाला, 'टक्कलच करायचं होतं की! शंभर ग्रॅम म्हणजे काय लई नव्हं.' हा मात्र माझा विषय होता. दिवसभराचे केस कोपऱ्यात झाडून लावले, की ढीग मोठा दिसतो, पण सुपलीत घेतला की वजन लागत नाही. लांब केसांना थोडंफार वजन असतं, ते तिने उतरवलंच होतं. त्यानंतर डोक्यावर जे उरतं, त्यात शंभर ग्रॅम नसतात. मी हे सांगितल्यावर तो गप्प झाला. पण मग म्हणाला, आदल्या दिवशी कशाला खाल्लं तिने? त्याला उत्तर पैलवानाने दिलं. वजन उतरवताना शेवटी घाम यायचा थांबतो, तोंडाला कोरड पडते, थुंकीसुद्धा येत नाही. त्या अंगाने कुस्ती धरायची म्हणजे आधी पोटात पाणी आणि अन्न जायलाच हवं, आणि ते गेलं की काटा चढतो. विनेश आधी ५३ किलोत लढायची, म्हणजे ५० वर येणं हेच तिच्या अंगाला ओढून-ताणून होतं. तिच्या चमूचं नियोजन चुकलं का, यावर जरूर बोलावं. पण स्वतःची दाढी करून घ्यायचाही ज्याला कंटाळा, त्याने तिला आळशी ठरवू नये.

गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आमच्या दुकानात पहिल्यांदाच मुलींच्या क्रिकेट विश्वचषकाचे सामने पूर्णवेळ लागले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ करून पुरा केला. सामन्यानंतर ती रडली. स्पर्धेच्या काळात मनावर किती ताण होता, ती घरच्यांजवळ किती रडायची, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. बाकड्यावरून आवाज आला, 'जिंकून पण रडतंय व्हय!' त्या माणसाला मी काही बोललो नाही. बोललो असतो तर सांगितलं असतं, की माझ्या खुर्चीत पुरुष रडतात. दाढीनंतर तोंडावर गरम टॉवेल टाकला, की चेहरा झाकला जातो. अवकाळी पावसात तासगावकडची द्राक्षं गेली, की त्या टॉवेलखाली खांदे हलताना मी पाहिले आहेत. अशा वेळी मी टॉवेल जरा जास्त वेळ राहू देतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. जेमिमाने टॉवेल घेतला नाही, एवढाच फरक.

२ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. सांगलीत त्या रात्री फटाके थांबत नव्हते. त्याच महिन्यात स्मृतीचं लग्न इथेच ठरलं होतं. ते आधी पुढे ढकललं गेलं, आणि ७ डिसेंबरला तिने स्वतःच ते रद्द झाल्याचं लिहून कळवलं. आमच्या घरच्यांना थोडी मोकळीक द्या, अशी विनंती केली. त्यानंतरही बाकड्यावर तर्ककुतर्क थांबले नाहीत. बाहेरगावचा एक बातमीदार दाढी करायला आला आणि बोलता बोलता मला विचारू लागला, तुमच्याकडे सगळे येतात, कानावर काय आलं? मी म्हणालो, 'साहेब, आमच्याकडे चार पिढ्या लोकांच्या घरातल्या गोष्टी कानावर येतात. त्या इथून बाहेर गेल्या असत्या, तर ही खुर्ची कधीच रिकामी पडली असती.' त्याची दाढी नीट केली, तुरटी फिरवली, पैसे घेतले.

सप्टेंबर २०२५ मधलं दुबईचं प्रकरण सगळ्यांत अवघड गेलं. आशिया चषकात सूर्यकुमार यादवच्या संघाने पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवला नाही, आणि अंतिम सामना जिंकल्यावर आशियाई क्रिकेट परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि पाकिस्तानचे मंत्री मोहसीन नक्वी यांच्या हातून चषकही घेतला नाही. अडत्या म्हणाला, 'पहलगामचा दहशतवादी हल्ला विसरायचा काय?' मास्तर म्हणाले, 'मग खेळायलाच जायचं नव्हतं.' मला दोघांचंही पटलं. पण दोन्ही प्रश्न खरं तर खेळाडूंसाठी नव्हतेच. खेळायचं की नाही हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्यासाठी होते. हात मिळवला असता तर घरचे तुटून पडले असते, नाही मिळवला म्हणून बाहेरचे तुटून पडले. अशा ठिकाणी खेळाडूच्या स्वभावाचा पंचनामा करण्यात अर्थ नाही.

चांगलं वागणं कसं असतं, असं पोरं विचारतात तेव्हा मी अजिंक्य रहाणेचं नाव घेतो. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला आपण ३६ धावांत गारद झालो, कोहली घरी परतला आणि रहाणेकडे संघ आला. मेलबर्नला तो ११२ वर धावबाद झाला. जडेजा अर्धशतकाच्या उंबरठ्यावर होता, त्याच्यासाठी धाव घेताना हे घडलं. रहाणेने जडेजाची पाठ थोपटली, खेळत राहा म्हणाला आणि चालता झाला. ब्रिस्बेन जिंकून मालिका हाती आल्यावर चषक त्याने नवख्या नटराजनच्या हातात दिला. पण मला याहून मोठी वाटते ती सप्टेंबर २०२२ ची कोइम्बतूरची गोष्ट. दुलीप करंडकाचा अंतिम सामना, पश्चिम विभागाचा कर्णधार रहाणे. त्याच्याच संघातला यशस्वी जयस्वाल दक्षिणेच्या रवी तेजाला सारखा टोचून बोलत होता. पंचांनी समज देऊनही थांबेना, तेव्हा रहाणेने त्याला मैदानाबाहेर पाठवलं. जयस्वालने त्याच सामन्यात २६५ धावा केल्या होत्या. सामन्याचा नायक होता तो, आणि कर्णधाराने त्याला बाहेर काढलं. दुसऱ्याच्या खेळाडूला नावं ठेवणं बाकड्यावर रोज चालतं. आपल्याच माणसाला, तोही जिंकून देत असताना, थांबवणं कुणाला जमत नाही.

तर माझा हिशेब असा आहे. खेळाडूने मैदानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जे केलं, त्यावर बिनधास्त बोलावं, आणि त्याचा राग पंचावर किंवा नवख्यावर निघाला असेल तर कडक बोलावं. त्याचे केस, त्याचे अश्रू आणि त्याचं घर यांवर आपला हक्क नाही. तिकीट काढलं म्हणून नाही आणि त्याच्यासारखे केस कापून घेतले म्हणूनही नाही. पंचाला लाथ मारणारा कितीही मोठा मल्ल असो, तो चुकला. ज्या घराने मोकळीक मागितली, त्याच्या दाराशी कॅमेरा रोखून बसणाराही चुकलाच. पहिल्यासाठी निलंबन आहे. दुसऱ्यासाठी कुठल्याच संघटनेकडे शिक्षा नाही. ती तुमच्या-माझ्या हातातल्या रिमोटवर आहे, आणि ती आपण देत नाही. द्यायला लागू या.